कोणाची गं तू?

या आठवड्याचं पत्र असं आहे:

“ताई, मी बत्तीस वर्षांची, वकील. फोर्टमधल्या एका लॉ फर्ममध्ये सात वर्षं कंपन्यांचे करार तपासते. राहायला डोंबिवलीला. नवरा महापालिकेत, मुलगी सीनियर केजीत. माझे बाबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बेचाळीस वर्षं वकिली करताहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांची बायपास झाली. आता म्हणतात, ‘येतेस का बघ, नाहीतर ऑफिसला कुलूप लावतो.’ गावची अपिलं मुंबईत हायकोर्टात मी बघावीत असा माझा बेत होता. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीची कामं हायकोर्टाच्याच कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली, त्यामुळे तोही बारगळला. दिवाळीत गेले तेव्हा बाबांच्या कारकून काकांकडून फीची वही मागून चाळली. निम्म्या नावांपुढे आकडाच नाही, ‘पुढे बघू’ एवढंच. आणि गेल्या महिन्यात दोन चुलतभावांनी एकाच घराच्या वाटणीसाठी एकाच दिवशी फोन केला, तर बाबा दोघांनाही ‘या’ म्हणाले. मी बोलायला गेले तर म्हणतात, ‘अगं, इथे सगळं माणुसकीवर चालतं.’ मला बाबांचा अभिमान आहे. पण ही माणुसकी मला पेलेल का? आणि गडग्यावरची, पायवाटेवरची भांडणं चालवायला मी मुंबई सोडायची का?”

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला अगं-तुगंच करते. मी तालुक्याच्या कोर्टात सव्वीस वर्षं काढली आणि मग दादरला येऊन राहिले, त्यामुळे तुझ्या पत्रातला प्रत्येक कागद मला डोळ्यांसमोर दिसला. ती वहीसुद्धा. मुंबई की गाव, यावर शेवटी बोलते. आधी ते चुलतभाऊ, कारण ते थांबणार नाहीत.

गावात कुठेही गेलं की पहिला प्रश्न असतो, “कोणाची गं तू?” तू बाबांचं नाव सांगतेस आणि आतून चहा येतो. त्या नावावर तुला पहिली पाच वर्षं कामंही येतील. पण वकिलाच्या खुर्चीत बसलं की हाच प्रश्न दर कामात नव्याने उभा राहतो. या कामात मी कोणाची? समोरच्याने विचारलं नाही तरी उत्तर द्यावं लागतं, आणि तोंडावर द्यावं लागतं. मला ते द्यायला एकदा जमलं नाही. त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्या एका बाईने मोजली. ती गोष्ट सांगते. अशिलाची गोष्ट आहे, म्हणून ओळख पटेल असं सगळं बदललंय.

१९९९ साल असेल. दोन भाऊ महिनाभर माझ्याकडे येत होते. वडील गेलेले, घर आणि थोडी आंब्याची कलमं, सातबारावर वारसांची नावं लागलेली. त्यात मुंबईला दिलेल्या बहिणीचंही नाव. तिचं हक्कसोडपत्र करून घ्यायचं होतं. मसुदा मी केला, भावांनी दोनदा वाचला, तारीख ठरली. त्या दिवशी सकाळी बहीण रात्रीच्या एसटीने उतरली. त्याच रात्री परत निघायचं होतं, घरी सासू अंथरुणाला खिळलेली. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत भाच्यांसाठी बिस्किटांचे पुडे. माझ्या ऑफिसच्या बाकावर कडेला टेकली. मी दस्त वाचून दाखवला. म्हणजे मी वाचला. तिला कळतोय का, हे पाहिलं नाही. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘वंशपरंपरेने कायमचा’ ही आपली भाषा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ताई, माहेर तुटायचं नाही ना?”

मी म्हटलं, “छे गं, माहेर कसं तुटेल?”

दुपारी दुय्यम निबंधकांकडे सह्या झाल्या. भावांनी पेढे आणले.

सहा वर्षांनी ती परत आली. आई गेली होती, घराला कुलूप लागलं होतं, आणि किल्ली कोणाकडे असते हे तिला कोणी सांगेना. त्याच बाकावर बसली. रागावलेली नव्हती. “तुम्हीच म्हणाला होतात ना,” एवढंच म्हणाली. दस्त नोंदणीकृत, रद्द करून मागायची तीन वर्षांची मुदत उलटून गेलेली. माझ्याकडे तिला द्यायला काहीही नव्हतं.

त्या कामात मी भावांची वकील होते. फी त्यांनी दिली, मसुदा त्यांच्या सांगण्यावरून झाला. तिला मात्र मी आपली ताई वाटले, कारण मी तसं वाटू दिलं. माहेर तुटेल का, या प्रश्नाला वकिलाचं उत्तर एकच होतं: ‘या कागदाने घरावरचा तुझा हक्क संपतो, पुढे भावांची मर्जी. आणि मी त्यांची वकील आहे, तुझी नाही.’ हे वाक्य बोलायला दहा सेकंद लागली असती. मी बोलले नाही, कारण सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं आणि तो गोडवा मला मोडायचा नव्हता. त्यालाच मी तेव्हा माणुसकी म्हणत होते.

त्यानंतर माझ्या ऑफिसात एक पद्धत पडली. हक्कसोड करायला बहीण आली की भावांना बाहेर चहाला पाठवायचं. बहिणीला आतल्या खोलीत बसवायचं, साध्या बोलीत कागद सांगायचा, आणि मी कोणाची वकील आहे ते सांगायचं. मसुद्याची प्रत तिच्या हातात द्यायची, “घरी ने, कोणाला तरी दाखव, आठ दिवसांनी ये.” भाऊ कुरकुरायचे. काही जण दुसऱ्या वकिलाकडे गेले, ते काम गेलं. पण पुष्कळ बहिणी परत आल्या आणि मनापासून सही करून गेल्या. काहींनी पैसे मागितले. एकीने फक्त एवढंच मागितलं, की पडवीलगतची खोली हयातभर वापरायचा हक्क दस्तात लिहा. तो मी लिहिला. भावांनी मान्य केला. ती दर गणपतीला त्या खोलीत उतरते, हे मला अजून कळत असतं.

तुझ्या वाट्याला हे जास्त येईल. आपल्याकडे १९९४ मध्येच राज्याने मुलींना सहदायकी हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच वाटा, दिला होता, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून बाहेर राहिल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की २००५ च्या त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, मुलीचा हक्क जन्मानेच. तेव्हापासून कोकणातल्या प्रत्येक वाटणीत बहिणीची सही लागते हे भावांना पक्कं ठाऊक आहे. बहिणींना ठाऊक आहेच असं नाही. त्या विरारला, कळव्याला, तुझ्या डोंबिवलीत आहेत.

आता चुलतभाऊ. बार कौन्सिलचा नियम तुला पाठ असेल: ज्या कामात एकाला सल्ला दिला, त्याच कामात दुसऱ्याकडून उभं राहता येत नाही. तुझ्या फर्ममध्ये नवं काम घेण्याआधी नावं तपासतात. तालुक्यात तशी यादी नसते, वकिलाच्या डोक्यात असते, आणि डोक्यात नात्यांची गर्दी असते. बाबांनी अजून दोघांचं काही ऐकलं नसेल तर एकाला स्पष्ट सांगावं की दुसरा वकील बघ. दोघांचंही मनातलं ऐकून झालं असेल तर दोघांचंही काम सोडावं. दोघांना बाबांवरच विश्वास असेल, आणि मला वाटतं तसाच असेल, तर बाबांनी मध्यस्थ म्हणून बसावं. पण तसं कागदावर लिहून, दोघांच्या सह्या घेऊन, आणि बोलणी फिसकटली तर मी कोणाकडूनही कोर्टात येणार नाही हे आधी सांगून. बेचाळीस वर्षं गावाचा विश्वास कमावलेल्या माणसाला हे काम शोभून दिसतं. बायपासनंतर कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा ते सोसवतंही.

‘समेट’ हा शब्द मात्र जपून वापर. खेड्यातला वकील म्हणजे भांडण कोर्टाच्या दाराबाहेर मिटवणारा, असं आपण कौतुकाने म्हणतो, आणि त्यात खरंही पुष्कळ आहे. लोकअदालतीत तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, निवाड्यावर अपील नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं एकाच विहिरीवर पाणी भरू शकतात. मी शेकडो कामं तशी मिटवली, त्याचं समाधान आहे. पण तडजोडीत दर वेळी वाकतो कोण, हे बघ. ज्याला घाई आहे तो वाकतो. ज्याला मुंबईची रजा संपायच्या आत परतायचंय तो वाकतो. एका माणसाची शेतावर जायची वाट शेजाऱ्याने दगडांचा गडगा घालून अडवली होती. दोघेही माझ्या ओळखीचे. मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा तर अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. मी म्हटलं, “गणपती होऊ देत, चाकरमानी येतील, बसून मिटवू.” गणपती झाले, बसलो, हो-हो झालं, गडगा तसाच. दसरा गेला आणि सहा महिने भरले. मग दिवाणी दाव्याचाच रस्ता उरला. तो चालला चार वर्षं. तोवर त्या माणसाने भाताचे भारे ओढ्यातून वळसा घालून डोक्यावर आणले. म्हणून सांगते, मुदतीचा अर्ज आधी दाखल कर, बोलणी त्यानंतर खुशाल वर्षभर चालू देत. समोरच्याला तसं सांगूनच दाखल कर. गावात याचा राग येतो, पण तो आठवडाभराचा असतो.

वहीतल्या ‘पुढे बघू’बद्दल. तुला ती वही पाहून भीती वाटली आणि थोडा अभिमानही वाटला, हे पत्रात दिसतं. दोन्ही बरोबर. मीही पहिली काही वर्षं तशीच वही ठेवली. मग एक गोष्ट लक्षात आली: ज्याची फी राहिलेली असते तो माणूस आपल्याला चुकवायला लागतो. बाजारात दिसला की दुसऱ्या गल्लीत वळतो. तारखेला येत नाही, कारण आलं की वकील भेटणार आणि हात रिकामे. पुकारा होतो, साक्षीदार नाही, आपण मुदत अर्ज देतो, दुसऱ्यांदा कोर्ट ऐकत नाही. फुकट केलेलं काम असं आपल्याच हातून बिघडतं. त्यापेक्षा थोडकी पण ठरलेली फी सांगावी, हप्त्याने घ्यावी, प्रत्येक वेळी पावती द्यावी. अडीचशे रुपये देऊन पावती खिशात घालणारा माणूस ताठ मानेने बाकावर बसतो आणि प्रश्न विचारतो. तो विचारण्याचा हक्क त्याला पावतीने दिलेला असतो.

ज्यांना खरंच झेपत नाही त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांनाही. हे आपल्याच अशिलांना आपण सांगत नाही, कारण ‘मी करते ना फुकट’ असं म्हणायला बरं वाटतं. सांग त्यांना. पॅनेलवर तू स्वतः नाव दे आणि ती कामं चोख कर. भाजी, काजू, पहिल्या तोडीचे आंबे येतील ते घे, नाही म्हणू नकोस, माणसं दुखावतात. पण ते फीत धरू नकोस. आणि कोणी म्हणालं, “जिंकलो तर दोन गुंठे तुमचे,” तर हसून विषय बदलू नकोस, तिथेच नाही म्हण. निकालावर बांधलेली फी आणि दाव्यातल्या मिळकतीत वाटा, दोन्ही आपल्याला मना आहेत. कोकणात रोकड कमी आणि जमीन हाताशी, म्हणून हा मोह तिथे फार साध्या तोंडाने समोर येतो.

बोलण्याबद्दलही सांगायला हवं. मुंबईत तू लोकलमध्ये बसलीस की तुझ्या कामाबद्दल कोणालाही काही पडलेलं नसतं. गावात साखरपुड्याच्या पंगतीत तुझी मावशी वाढता वाढता विचारेल, “अमक्याच्या सुनेने घटस्फोट टाकलाय म्हणे?” तुला माहीत असेल, कारण वकीलपत्र तुझंच असेल. “मला माहीत नाही” हे खोटं पडतं आणि पकडलं जातं. “मी कामाचं बोलत नाही, मावशी” हे दर वेळी, कोणालाही, आईलासुद्धा, एकाच स्वरात म्हणत राहा. जे काम तुझं नाही त्याच्याबद्दलही तसंच म्हण, नाहीतर तू कधी गप्प बसतेस यावरूनच लोक ओळखतील. वर्षभरात विचारणं थांबतं. आणि ज्या बाईबद्दल तू बोलली नाहीस, ती पुढे तिच्या जावेला तुझ्याकडे घेऊन येते.

बाबांचे कारकून काका, ज्यांचा उल्लेख तू एका ओळीत केलास, त्यांना हे सगळं तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोणाचा कागद कोणत्या रुमालात बांधलाय, कोणाच्या वडिलांचं लग्न दोनदा झालं, कोणता भाऊ खोटी सही करतो. अशिलाचं गुपित राखायचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने कारकुनालाही लावलंय. त्यांनी ते कलम न वाचता पाळलं असणार, नाहीतर बेचाळीस वर्षं ऑफिस टिकलं नसतं. तू गेलीस तर मालकीण म्हणून नको, शिकायला जा, आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर आधी त्यांना बसव.

“गडग्यावरची, पायवाटेवरची भांडणं” हे तू ज्या सुरात लिहिलंस तो मला लागला, म्हणून रागावून नाही पण सांगते. १९२७ मध्ये महाडच्या दिवाणी कोर्टात एका तळ्याच्या पाण्यावरून दावा दाखल झाला. वादींचं म्हणणं होतं की तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे पाणी भरायला मनाई व्हावी. प्रतिवादींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. चवदार तळ्याचा तो दावा तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये प्रतिवादींच्या बाजूने निकाल लागला. दहा वर्षं. पाणी कोणी भरायचं, वाटेने कोणी जायचं, यावरचे दावे आधी तालुक्याच्याच रोजनाम्यात चढतात. तुझ्या फर्मच्या करारांपुढे बहुतेक गडगे लहानच असतील. पण त्या गडग्याच्या पलीकडे एखाद्या घराची स्मशानात जायची वाट असते, आणि ती अडवणारा नेहमी वरच्या वाडीतला असतो. कोर्टात हे कोणीतरी बोलायला लागतं.

बाई म्हणून काय वाटेल, हे तू विचारलं नाहीस. एवढंच सांगते की मी गेले तेव्हा बाररूममध्ये माझ्यासाठी खुर्ची नव्हती आणि आवारात बायकांसाठी स्वच्छतागृहही नव्हतं. आता बऱ्याच ठिकाणी आहे. तू जायच्या आधी बघून घे, लाजू नकोस, नसेल तर पहिला अर्ज तोच दे.

आता मुंबई की गाव. मला वाटतं तू नोकरी या वर्षी सोडू नयेस. बाबांच्या आजारपणात, दिवाळीच्या आठवणीत, ‘कुलूप लावतो’ या वाक्याच्या ओझ्याखाली घेतलेला निर्णय दोन पावसाळे टिकत नाही. नवऱ्याची नोकरी हलणारी नाही, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. त्या दोघांना काय वाटतं याबद्दल तुझ्या पत्रात एकही ओळ नाही. ती ओळ आधी त्यांच्याकडून ऐक.

पण बाबांचं अर्धं ऑफिस मुंबईतच आहे, हे तुझ्या ध्यानात आलेलं दिसत नाही. कोकणातला सातबारा उघड. एका गटाला पंचवीस-तीस सहहिस्सेदार, आणि त्यातले निम्मे ठाणे-पालघर-मुंबईत. पूर्वी ते वर्षातून एकदा गावी जाऊन तलाठ्याकडे कागद बघायचे, आता रात्री दहाला मोबाइलवर सातबारा उघडतात आणि नाव दिसलं नाही की घाबरून फोन करतात. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, ती फक्त महसुली नोंद, हे त्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवं. मुदतीत हरकत घ्यायची, नोंद मंजूर झालीच असेल तर प्रांतांकडे अपिलाला साठ दिवस असतात, हे वेळेवर सांगायला हवं. मी तालुक्यात असताना महिन्यातून एका रविवारी लालबागला यायचे. आमच्या भागातल्या एका गावाच्या मंडळाची खोली होती, भिंतीला ग्रामदैवताचा फोटो, कोपऱ्यात ढोलकी आणि गुंडाळलेल्या सतरंज्या. तिथे भाऊ, बहिणी, जावा समोरासमोर बसत. गावच्या पडवीत जे एकमेकांशी बोलत नसत ते तिथे बोलत, कारण तिथे कोणाचंच घर नव्हतं. बहिणींना एसटीची घाई नसायची. मला आजही वाटतं, १९९९ ची ती बाई मला त्या खोलीत भेटली असती तर पुष्कळ वेगळं झालं असतं.

तू डोंबिवलीत हे करू शकतेस. मात्र फर्मची नोकरी करता करता कोणाचंही वकीलपत्र घेऊ नकोस, आणि फी घेऊन सल्लाही देऊ नकोस. तुझ्या नेमणुकीच्या पत्रात काय लिहिलंय ते वाच आणि फर्मला विचार. वर्षभर फक्त ऐकायला बस, बाबांच्या अशिलांची बाबांच्या वतीने टिपणं घे आणि त्यांना पाठव. वर्षाअखेरीला तुझं तुलाच कळेल की त्या माणसांची वाट बघताना तुला बरं वाटतं की घड्याळाकडे नजर जाते. बरं वाटलं तर जा, मग पगाराचं गणित बसवता येतं, मी बसवलं होतं. नजर घड्याळाकडे गेली तर ऑफिसला कुलूप लागू दे. बाबांचं काम त्यांनी पुरं केलेलं आहे.

दोन्ही वाटांवर एक काम तुला करावंच लागेल, ते म्हणजे कपाट. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते. पंधरा दिवसांची रजा काढ, दिवा स्टेशनवरून गाडी पकड. बाबा आरामखुर्चीत, काका आणि तू जमिनीवर सतरंजी टाकून. एकेक गठ्ठा सोडायचा आणि वरच्या कागदावर लिहायचं: आपला अशील कोण, समोर कोण, पुढची तारीख, मुदत कधी संपते, आत मूळ दस्त कोणाचे आहेत. जे मूळ दस्त ठेवायची गरज नाही ते ज्याचे त्याला पावती घेऊन परत करायचे. कोणाचे आजोबा, कोणाची आजी, असे कागद निघतील, बाबा गोष्टी सांगायला लागतील, काम मागे पडेल. पडू दे. ‘आपला अशील कोण’ या ओळीवर जिथे बाबा थबकतील तो गठ्ठा बाजूला ठेव, त्यावर संध्याकाळी दोघांनी बसायचं.

मे यायला मात्र अवकाश आहे आणि चुलतभाऊ कधीही दारात उभे राहतील. बाबांना आजच फोन कर, जेवणं झाल्यावर, आई जवळ नसताना. कायदा सांगू नकोस, तो त्यांना तुझ्यापेक्षा जास्त येतो. फक्त विचार, “बाबा, दोघांपैकी आधी कोणाचा फोन आला होता?”